घनता आणि घनफळ : कॉप्युलांच्या आकडेमोडीचा इतिहास

द्विचल वितरणांचा इतिहास सामान्यतः सिद्धांतांच्या क्रमाने सांगितला जातो. तोच आकडेमोडीच्या अंगाने पाहिला असता एक विलक्षण उलटापालट दृष्टीस पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संख्याशास्त्रज्ञांस घनता आयती मिळत असे आणि तिच्याखालील घनफळ काढताना त्यांची दमछाक होई. कॉप्युलांच्या अनेक कुलांत घनफळाचे सूत्र आयते हाती येते. कष्ट पडतात ते घनतेसाठी.

द्विचल प्रसामान्य वितरणाची घनता एका ओळीत लिहिता येते, परंतु तिचे समाकल मूलभूत फलनांत मांडता येत नाही. कार्ल पिअर्सन ह्यांनी 1900 साली त्याकरिता अनंत श्रेणी योजिली. 1931 मध्ये निघालेल्या त्यांच्या सारणीसंग्रहाच्या दुसऱ्या भागात ह्या घनफळांची कोष्टके आहेत. ती ज्यांनी हाताने रचली त्यांच्या चिकाटीस तोड नाही.

1959 साली एब स्क्लार ह्यांचे अवघे तीन पृष्ठांचे फ्रेंच टिपण पॅरिस विद्यापीठाच्या संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आले. कोणतेही संयुक्त वितरण-फलन हे त्याची सीमांत वितरणे आणि एकक चौरसावरील एक जोड-फलन ह्यांच्या द्वारे मांडता येते, हा त्यातील सिद्धांत. ह्या जोड-फलनास त्यांनी ‘कॉप्युला’ हे लॅटिन नाव दिले. होफडिंग (1940) आणि फ्रेशे (1951) ह्यांचे विचार ह्याच परिसरात फिरत होते. तथापि विधानाचा नेमकेपणा स्क्लार ह्यांचा. मात्र हे विधान वितरण-फलनाविषयी आहे. घनता म्हणजे त्याचा दोन्ही चलांनुसार घेतलेला मिश्र आंशिक अवकलज, आणि तो असेलच अशी हमी सिद्धांत देत नाही. फ्रेशे ह्यांच्या वरच्या मर्यादेत सर्व संभाव्यता कर्णावर एकवटते. तेथे घनतेचा प्रश्नच संपतो. मार्शल व ऑल्किन (1967) ह्यांच्या वितरणात तिचा काही अंश तसाच वक्ररेषेवर साचतो.

घनतेची निकड तरी कोणास होती? स्क्लार आणि श्वाइट्झर ह्यांचे लक्ष संभाव्यतात्मक मितिक अवकाशांकडे होते. दत्तांशास प्रतिमान बसविणाऱ्यांची वाट निराळी होती. प्लॅकेट ह्यांचे द्विचल कुल 1965 चे; मुंबई व पुणे विद्यापीठांत शिकलेले कांतिलाल मर्दिया ह्यांनी 1967 मध्ये त्याचा विस्ताराने अभ्यास केला. क्लेटन ह्यांनी 1978 मध्ये कुटुंबातील जुनाट रोगांच्या संदर्भात आपले प्रतिमान मांडले. ह्या दोन वाटा खऱ्या अर्थाने मिळाल्या त्या 1995 च्या सुमारास, जेव्हा जेने, गुदी व रिव्हे ह्यांनी निरीक्षणांच्या जागी त्यांचे क्रमांक घेऊन शक्यता-फलन महत्तम करण्याची रीत दिली. त्यांनी क्रमांकास निरीक्षण-संख्येने न भागता तीत एक मिळवून भागले, कारण चौरसाच्या कडेवर घनतेचा लघुगणक अमर्याद होऊ शकतो.

ही भीती अनाठायी नव्हती. क्लेटन कुलाची घनता तीन गुणकांची आहे : एकाधिक प्राचल; दोन्ही चलांच्या गुणाकाराचा एक मोठा ऋण घात; आणि एका बेरजेचा दुसरा ऋण घात. प्राचल 20 आणि दोन्ही चलांचे मूल्य एक कोट्यंशाचा दशांश, म्हणजे 10 चा उणे आठवा घात, घेऊ. दुसरा गुणक 10 च्या 336 व्या घाताएवढा होतो. परंतु 1985 च्या प्रमाणानुसार चालणाऱ्या संगणकाची दुहेरी अचूकतेची मर्यादा 308 व्या घाताच्या थोड्या पलीकडे संपते. तिसरा गुणक इतका सूक्ष्म की यंत्र त्यास शून्य मानते. अनंत गुणिले शून्य, उत्तर निरर्थक. वास्तविक घनता मात्र सुमारे 50 कोटी 71 लक्ष, यंत्रास सहज पेलणारी! एका निरीक्षणाचे हे निरर्थक उत्तर संपूर्ण शक्यता-फलनास नासवते.

उपाय लघुगणकांचा. 773.7 मधून 756.7 वजा करून 3.0 मिळविले की 20.0 येतात, आणि घनता हाती लागते. नेपिअरची ही जुनी युक्ती कोष्टके रचणाऱ्यांस परिचित होती. यंत्राच्या वेगाने ती काही काळ विस्मरणात गेली, इतकेच.

जुन यान ह्यांनी आर भाषेसाठी रचलेल्या ‘कॉप्युला’ ह्या संचाचे वर्णन 2007 साली प्रसिद्ध झाले. आर्किमिडीय कुलांच्या घनता त्यात वितरण-फलनाचे सांकेतिक अवकलन यंत्राकडूनच करवून मिळविल्या होत्या. अशी सूत्रे बीजगणिताने निर्दोष असतात. अंकगणितात टिकतीलच असे नाही, आणि चलसंख्या वाढली की त्यांची लांबी आवाक्याबाहेर जाते. पुढे हॉफर्ट, मेख्लर आणि मॅकनील ह्यांनी 2012 च्या निबंधात आर्किमिडीय कुलांच्या अवकलजांची सूत्रे स्वतंत्रपणे सिद्ध करून त्यांच्या लघुगणकांच्या संगणनाकडे लक्ष पुरविले. ह्या संचातील घनता-फलनास आता घनतेऐवजी थेट तिचा लघुगणक मागता येतो.