शिक्क्यावरचा विश्वास : वसई-विरारच्या इमारतींचा इतिहास



आजचा विषय पत्रिकेवर 'वसई-विरारचा नागरी विकास' असा छापला आहे. मी नगररचनाकार नाही, इंजिनिअरही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा अधिकार काय, हा प्रश्न रास्त आहे. अधिकार एवढाच की मी बेचाळीस वर्षं इथे राहतोय, आणि या विषयात माझी एक जुनी फजिती आहे. तिथूनच सुरुवात करतो.

१९८३ साली मी नवघरला, म्हणजे वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, फ्लॅट घेतला. त्या वर्षी मुंबईच्या कॉलेजात मी न्यायदर्शन शिकवत होतो, आणि त्यातलं शब्दप्रमाण हा माझा आवडीचा विषय. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष, धुरावरून आग ओळखली ते अनुमान, आणि विश्वास ठेवण्याजोग्या माणसाच्या सांगण्यावरून कळलं ते शब्दप्रमाण. अशा माणसाला आप्त म्हणतात. आप्त कोण, याच्या अटी मी सकाळच्या तासाला मुलांना सोदाहरण समजावून सांगायचो. आणि संध्याकाळी बिल्डरच्या ऑफिसात बसून एका झेरॉक्सवरचा निळा गोल शिक्का पाहिला आणि खिशातला चेक काढून दिला! कागद वाचलासुद्धा नाही. पुढे कधीतरी वाचला तेव्हा कळलं, परवानगी तळमजला अधिक दोन मजल्यांची होती. आमच्या इमारतीला तळमजला अधिक तीन आहेत.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे मी कायदेशीर. माझ्या डोक्यावरची चार कुटुंबं मात्र कागदावर नाहीतच. त्यांच्याकडे शेवटी येईन.

आता इतिहास. मुंबईच्या किंवा बाहेरच्या श्रोत्यांसाठी आधी भूगोल सांगतो. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मुंबईहून लोकल येते ती खाडीवरचे दोन पूल ओलांडून, मध्ये पाणजू बेट. डोंगरावरचं पावसाचं पाणी खाड्यांमधून समुद्रात जातं, आणि डोंगर ते समुद्र या पट्ट्यातली बरीच जमीन खाजणाची, मिठागरांची, भातशेतीची, म्हणजे पाणी थांबायची जागा. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या पट्ट्यातलं सगळ्यात जुनं शहर किल्ल्यातली वसई नव्हे, सोपारा. शूर्पारक हे त्याचं जुनं नाव, आणि ते मोठं बंदर होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या बुरूड राजाच्या कोटाचं उत्खनन केलं, तिथे स्तूप निघाला. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. जुन्या भाषेत राजाज्ञेला 'शासन' म्हणत. आपण सरकारला शासन म्हणतो ते तिथूनच. राजाने आपला शब्द दगडावर कोरून चव्हाट्यावर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा म्हणून. आज आपल्या हाती त्याचे तुकडेच उरलेत हे खरं, पण शासनाचा शब्द कपाटात नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. मग पोर्तुगीज आले. १५३४ चा तह, दोनशे वर्षांचं वैभव, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम. हे इथल्या श्रोत्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आजच्या शहराची जन्मतारीख मी १२ एप्रिल १८६७ धरतो. त्या दिवशी विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी पहिल्यांदा धावली. जाणारी एक, येणारी एक. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. तरीही वसईला शहर व्हायची घाई नव्हती. केळी, विड्याची पानं, फुलं, भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची आणि माणसं संध्याकाळी घरी परत यायची. ही बागायत उभी होती विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाही. त्यावर रहाट चालायचे, पुढे पंप आले. वाडवळ, सामवेदी, पानमाळी यांच्या कैक पिढ्यांनी हे काम कुठल्याही योजनेशिवाय सांभाळलं.

मग इमारती आल्या त्या कशामुळे? याचं उत्तर वसईत नाही, मुंबईत आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरावर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं, पण भाड्याने देण्यासाठी घर बांधणं कुणाला परवडेना. त्यामुळे मध्यमवर्गीयाला घर विकतच घ्यायची वेळ आली, आणि मुंबईत विकत घेणं आवाक्याबाहेर. १९८२ मध्ये गिरणी संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरणगावातल्या किती कुटुंबांनी चाळीतली खोली सोडून विरार-नालासोपारा गाठलं, हे माझ्या शेजारच्या दारांवरच्या पाट्या वाचल्या तरी कळेल. लोकलचा पास आणि मुंबईच्या मानाने स्वस्त फ्लॅट, या दोन गोष्टींवर हे शहर उभं राहिलं.

पण तेव्हा इथे शहर चालवणारं होतं कोण? वसईची नगरपालिका जुनी. नवघर, माणिकपूर, नालासोपारा, विरार इथे ग्रामपंचायती होत्या, पुढे नगरपालिका झाल्या. म्हणजे चार मजल्यांची इमारत आणि ग्रामपंचायतीचा दाखला, असा जोडा. नियमाने आधी आराखडा, मग रस्ता, गटार, पाणी, आणि शेवटी घर. आमच्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने घडलं.

पाणी सगळ्यात शेवटी आलं. मधली वर्षं पूर्वेच्या इमारती पश्चिमेच्या विहिरींवर जगल्या, टँकरने. माझीही तहान त्याच पाण्यावर भागली, हे कबूल करायला हवं. पश्चिमेच्या गावांनी जेव्हा टँकर अडवले तेव्हा आमच्या सोसायटीत त्यांना शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. विहिरी खाऱ्या होतायत हे त्यांना दिसत होतं, आम्हाला फक्त रिकामी टाकी दिसत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतजमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्यांना आपण साहित्यिक म्हणून, उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. वसईतली जुनी माणसं त्यांना मोर्चातले फादर म्हणून ओळखतात. पश्चिम पट्टा आज जितका हिरवा उरलाय, त्यात त्या चळवळीचा वाटा मोठा आहे.

१९९० मध्ये सरकारने सिडकोला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. आता एक गंमत बघा. बांधकामाची परवानगी सिडको देणार, आणि घरपट्टी, पाणी, गटार नगरपालिका बघणार. कागद एका कार्यालयात, माणसं दुसऱ्या कार्यालयाच्या दारात. २००१ ते २०२१ या काळासाठीचा विकास आराखडा मंजूर झाला फेब्रुवारी २००७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्यातली सहा वर्षं मंजुरीच्या आधीच संपली होती. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली, आणि पुढच्या वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. २९ गावांनी 'आम्हाला वगळा' म्हणून आंदोलन केलं, ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती.

इथपर्यंत मी जो इतिहास सांगितला त्याचं तात्पर्य सोपं वाटतं: घरं आधी आली, शहर मागून आलं, म्हणून घोटाळा झाला. अनेक वर्षं मी व्याख्यानांतून हेच सांगायचो. आता सांगत नाही. कारण विरारची रमाबाई अपार्टमेंट.

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणेशचतुर्थी उजाडायच्या आत, या इमारतीचा मागचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसं गेली. त्या रात्री त्या इमारतीत एका मुलीचा पहिला वाढदिवस होता. इमारत अनधिकृत होती, आणि बांधली होती २०१२ मध्ये. तारीख नीट पाहा. तेव्हा महानगरपालिका तीन वर्षांची होती, आराखडा मंजूर होऊन पाच वर्षं झाली होती. 'तेव्हा इथे यंत्रणाच नव्हती' हे माझं १९८३ चं कारण इथे लागू पडत नाही. तीस वर्षं टिकणारं काँक्रीट तेरा वर्षांत का कोसळतं, याचं उत्तर इंजिनिअर देतील. रेती, सिमेंट, सळई यांचं प्रमाण कुणी तपासलेलंच नसतं. बेकायदा इमारतीत बेकायदा फक्त कागद नसतो, तिच्या खांबांवर कुणाचीही सही नसते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागातल्या ४१ इमारतींचं पाडकाम उच्च न्यायालयाच्या आदेशाने चालू होतं. आराखड्यात ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होती. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं बाहेर पडली. आदेश चूक होता असं मी म्हणणार नाही. शहराला कचराभूमी लागते, सांडपाण्याची सोय लागते. पण चर्चेत एक वाक्य सतत ऐकू आलं: 'घेताना कागद बघायला नकोत का?'

मंडळी, कागद म्हणजे नक्की कुठला? दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवला की लोकांना वाटतं सरकारने तपासलं. निबंधक दस्त नोंदवतो, इमारत कायदेशीर आहे की नाही हे ठरवत नाही. घरपट्टीची पावती दाखवावी, तर अनधिकृत बांधकामालाही कर लागतोच, वर शास्तीही लागू शकते, आणि कायदा स्पष्ट सांगतो की शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. वीज मीटर आहे, मतदार यादीत नाव आहे, शिधापत्रिकेवर पत्ता आहे. एवढे सगळे कागद 'हो' म्हणतात आणि एकच 'नाही' म्हणतो. तो एक माणसाच्या हाती पडतो पाडकामाच्या नोटिशीबरोबर. १९६३ चा मोफा कायदा होता, २०१७ पासून महारेरा आहे. दोन्हींत बिल्डरने खरी माहिती उघड करायची, अशीच अट आहे. आणि २०२३ मध्ये विरार पोलिसांनी जी टोळी पकडली तिने परवानग्यांचे कागद आणि शिक्केच बनावट तयार केले होते.

आता माझ्या न्यायदर्शनाकडे येतो. आप्त होण्यासाठी जात, कुळ, पंथ लागत नाही असं वात्स्यायन म्हणतो. अटी दोनच. त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशी सांगायची इच्छा असली पाहिजे. शिक्का मारणाऱ्याने इमारत पाहिलेली नसते. पहिली अट गेली. बिल्डरने प्रत्येक खांब पाहिलेला असतो, पण तसं सांगायची इच्छा नसते, दुसरी गेली. उरला घेणारा. त्याला ना पाहता येतं ना सांगणारा भेटतो, आणि दोष मात्र त्याच्या अज्ञानाला. अनुमान तरी करावं, तर काय करणार? शेजारच्या दहा इमारती तशाच उभ्या आहेत, लोक राहतायत, त्यावरून अकरावी उभी राहील असं अनुमान चुकीचं कसं म्हणायचं?

पाण्याचं मात्र तसं नाही. ते कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. जुलै २०१८ मध्ये दोन दिवसांच्या पावसात वसई-विरार बुडालं, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, मिठागरातल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. नंतर नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पाणी धरून ठेवणारी तळी करा, हा तिच्या सांगण्याचा एक भाग. धारण तलाव म्हणतात त्यांना. गावातल्या एका वयस्कर बागायतदाराला मी हा शब्द सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे बावखलच की. आमची तर भरणी टाकून बुजवली." मला हसू आलं, त्यांना नाही आलं.

आता आमच्या तिसऱ्या मजल्याचं. इमारत चाळिशी ओलांडून गेली, गळते, पुनर्विकासाचा प्रस्ताव आलाय. नव्या इमारतीत कुणाला किती जागा हे जुन्या मंजूर नकाशावरून ठरणार, आणि मंजूर नकाशात तिसरा मजला नाही. मूळ फाइलसाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, अजून सापडलेली नाही. गेल्या सभेत वरच्या काकूंनी मला सर्वांसमोर विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले. आम्ही तुमच्या आधी दोन महिने राहायला आलो. आम्ही नकाशात नाही म्हणजे कुठे आहोत?" काही सभासदांचं म्हणणं, त्यांना वगळून हिशोब करावा, बाकीच्यांना जागा जास्त मिळेल. हे म्हणणारे वाईट लोक नाहीत, त्यांच्याही घरी मुलांची लग्नं आहेत. मी म्हटलं, एफएसआय बसेल तो सोळा घरांत वाटू, प्रत्येकाचे थोडे फूट कमी होतील. मतदान झालेलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहाला, गच्चीवर पुन्हा सभा आहे. गच्चीत जायला तिसऱ्या मजल्यावरूनच जिना आहे.

बरं, आता प्रश्न घेऊ.