रणगाड्यांचे हमाल

जपानच्या दूरचित्रवाणीवर ७ एप्रिल १९७९ रोजी एक कार्टून मालिका सुरू झाली. ‘मोबाइल सूट गंडम’ तिचं नाव, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. माणसानं पोटात बसून चालवायचे साठ फुटी यंत्रमानव आणि त्यांची आपसातली लढाई, असा सगळा मामला. खेळणी खपावीत म्हणून त्या काळी तिकडे अशा मालिका निघत, तशीच हीही निघाली. पण तोमिनोंच्या मालिकेत एक वेगळी गोष्ट होती. तिच्यात ओझी वाहणारी वाहनं होती.

त्यातलं एक सांगतो. राम्बा राल नावाचा एक मुरलेला शिपाईगडी मध्य आशियाच्या वाळवंटात शत्रूच्या उडत्या जहाजाचा माग काढत असतो. त्याच्यापाशी निळा यंत्रमानव आहे. धिप्पाड, हातात चाबूक घेतलेला. पण तो काही त्याला चालवत वाळवंट ओलांडत नाही. तो आणि त्याचे साथीदार यंत्रमानवांना एका अवाढव्य चिलखती गाडीत घालून नेतात. तिचं नाव ‘गॅलप’. दोन्ही अंगांना भलीमोठी जेट इंजिनं, माथ्यावर तोफ, मागे सामानाचा डबा जोडलेला. शिपायांचं राहणं तिच्यातच आणि यंत्रमानवांचा मुक्कामही तिच्यातच.

आता कुणीही विचारील की, साठ फुटी यंत्रमानवाला देवानं, म्हणजे इंजिनिअरनं, पाय दिलेत ना? मग त्याला गाडी कशाला?

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याचं उत्तर खऱ्या युद्धांच्या इतिहासात आहे, आणि ते कल्पनेपेक्षा जास्त रंजक आहे.

आधी ‘टँक’ या शब्दाचीच गोष्ट बघा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन गावी हे नवं यंत्र गुपचूप बनत होतं. बाहेर बातमी फुटू नये म्हणून, मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी नेण्यासाठी टाक्या बनताहेत, अशी आवई उठवली गेली. १९१५च्या अखेरीस ‘टँक’ हे नाव पक्कं झालं. इंग्रजीतला हा शब्द कुठून आला हे शोधताना शब्दकोशकार पोर्तुगीजकडे जातात, तसेच गुजराती आणि मराठीतल्या ‘टाकं’ या शब्दाकडेही येतात. गडावर पावसाचं पाणी साठवायचं आपलं टाकं! म्हणजे पाणी वाहण्याचं सोंग घेतलेल्या या यंत्राच्या नावात आपल्या डोंगरातलं पाणीही थोडंसं असावं. कवी माणसाला एवढा आनंद पुरे होतो.

टँकला आपण पुढे ‘रणगाडा’ म्हणू लागलो. नाव झकास आहे, पण त्यात एक फसगत आहे. गाडा म्हटलं की तो लांब पल्ल्याला जाईल असं वाटतं. रणगाडा तसा जातच नाही. लोखंडी कड्यांचे त्याचे पट्टे काही शे मैलांत झिजतात, इंजिन तापतं, तेल तर तो घटाघटा पितो. पहिल्या महायुद्धात त्याला रेल्वेनं रणांगणाच्या जवळ नेऊन सोडत. नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या काँब्रेच्या लढाईसाठी पावणेपाचशे टँक असेच आगगाडीतून आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत इंग्रजांनी आठ टँक वाळूत उतरवले होते. संख्या किरकोळ, उपयोगही किरकोळच झाला. फ्रान्समध्ये निदान रुळांचं जाळं होतं. जिथं रूळच नाहीत तिथं काय करायचं?

हा प्रश्न खरा पेटला तो दुसऱ्या महायुद्धात, उत्तर आफ्रिकेत. रोमेल फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरला. तिथून बेनगाझी हजार किलोमीटरवर, बेनगाझीहून तोब्रुक आणखी साडेचारशेच्या आसपास, आणि तोब्रुकपासून अलेक्झांड्रिया त्याहूनही लांब. किनाऱ्यानं इटालियनांनी बांधलेला एक डांबरी रस्ता, बाकी सगळी खडी आणि वाळू. मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड या इतिहासकारानं रसदीवरच्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला आहे, की आफ्रिकेत उतरलेल्या तेलापैकी तीस ते पन्नास टक्के तेल त्रिपोलीहून आघाडीपर्यंत जाण्यातच खर्ची पडे. घागर भरून निघावं आणि घरी येईस्तोवर निम्मी सांडावी, तसा प्रकार. इंग्रजांची घागर तर खरोखरच गळकी होती. त्यांचे पेट्रोलचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके तकलादू की वाटेत फुटत, ठिबकत. जर्मनांचा वीस लिटरचा भक्कम कॅन हाती लागल्यावर इंग्रजांनी मुकाट्यानं त्याचीच नक्कल केली.

अशा मुलखात सव्वीस टनांचा मटिल्डा किंवा तीस टनांचा शर्मन स्वतःच्या पट्ट्यांवर पाचशे किलोमीटर चालवला, तर लढाईच्या दिवशी तो कारखान्यातच उभा असणार. म्हणून इंग्रजांनी रणगाडा पाठीवर घेणारे ट्रक वापरायला काढले. आधी स्वतःचा स्कॅमेल पायोनियर, मग अमेरिकेतून मागवलेला ‘डायमंड टी’. या दुसऱ्याची जन्मकथा गमतीची आहे. शिकागोच्या टिल्ट नावाच्या माणसानं ही कंपनी काढली. त्याचे वडील जोडे बनवत आणि जोड्यांवर हिऱ्याच्या चौकटीत ‘टी’ अक्षर उमटवत. चांभारकामाचा तोच शिक्का रणगाड्यांच्या वाहनाच्या कपाळी आला. पायाचीच चिंता पुढं चालू राहिली म्हणायची! चौदा लिटरहून मोठं डिझेल इंजिन, ताकद दोनशे अश्वशक्ती. आजच्या एखाद्या बड्या मोटारीतही एवढी ताकद असते. पण हा गडी चोवीस चाकांच्या ट्रेलरवर रणगाडा ठेवून सगळं मिळून पन्नास टनांचं ओझं ओढी, हळूहळू, कण्हत, पण ओढी.

या गाड्यांचं दुसरं काम अधिक जोखमीचं. लढाई संपता संपता अंधारात पुढं जायचं, मोडून पडलेला रणगाडा दोरानं ओढून पाठीवर घ्यायचा आणि मागं आणायचा. नोव्हेंबर १९४१ मध्ये सिदी रेझेघच्या आसपास जी धुमश्चक्री झाली, तिच्यात जर्मन या कामात सरस ठरले. त्यांचे निकामी झालेले कितीतरी रणगाडे दुरुस्त होऊन परत उभे राहात. रात्री मैदान ज्याच्या हाती, त्याला भंगार मिळे, आणि भंगारातून फौज उभी राही. वर्तमानपत्रांतून रणगाड्यांचे आकडे छापून येत, हे दोरखंडवाले कुणी मोजले नाहीत. गोळीबारात पुढं जायचं तर ट्रकलाही चिलखत हवं, हे पुढं अमेरिकेला पटलं. १९४३ पासून चिलखती केबिनचा एम-२६ हा ट्रॅक्टर सैन्यात आला. शिपायांनी त्याचं नाव ‘ड्रॅगन वॅगन’ ठेवलं. आत सात माणसं, वर मशीनगन, मागं चाळीस टनांचा ट्रेलर. आपल्या त्या कार्टूनमधल्या ‘गॅलप’चा खरा थोरला भाऊ शोधायचा तर तो हाच. मात्र तो तयार होईतो आफ्रिकेतली लढाई संपली होती. त्यानं काम केलं ते युरोपात. नंतरच्या आवृत्तीतून चिलखत काढूनही टाकलं. वजन वाहणाऱ्यानं स्वतःचंच वजन किती वाहावं, यालाही मर्यादा असते.

या वाळवंटात आपली माणसं होती, हेही सांगायला हवं. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलनं तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर आधी विमानं आणि मग रणगाडे घातले. तो तडाखा बसला तो तिथं असलेल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीवर. कोकणातली, देशावरची, साताऱ्याकडची ही पोरं. समुद्र पाहिलेली होती, वाळूचा समुद्र पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. रोमेलला माणसांहून जास्त मोलाचं काय मिळालं असेल, तर हजारो टन सामान, तेल आणि सुमारे दोन हजार वाहनं. पुढं तो इजिप्तमध्ये शिरला तो बऱ्याच अंशी इंग्रजांच्याच ट्रकांवर बसून. आणि अल अलामीनला येऊन थबकला, कारण मागची वाट फार लांब झाली होती.

अलामीनच्या त्याच मैदानात ऑक्टोबर १९४२ मध्ये एक बहुरूपी खेळ झाला. इंग्रजांना रणगाडे लपवायचे होते. वाळवंटात झाड नाही, भिंत नाही. मग कॅनव्हासचे दोन अर्धे सांगाडे करून रणगाड्यावर असे बसवले की वरून विमानातून पाहणाऱ्याला तो साधा मालट्रक दिसावा. यांना ‘सनशील्ड’ म्हणत. कल्पना मूळची जनरल वेव्हेल यांची. रणगाडे रात्री पुढं सरकत आणि या सनशील्डखाली दडत. मागच्या जागी लाकडाचे आणि कापडाचे खोटे रणगाडे उभे राहात. शत्रूच्या डोळ्यांना ट्रक ही नगण्य वस्तू वाटते, यावरच सगळी मदार होती. जिच्याकडे कुणी बघत नाही, तिचं रूप घेतलं की निभावतं. हमालाचा वेश घेऊन राजा निसटल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्यात, त्यातलाच हा प्रकार.

श्रोतेहो, वाहून नेण्याच्या या प्रश्नानं आपल्याला एकदा फार मोठा घाव घातला आहे. १४ जानेवारी १७६१. पानिपत. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जबरदस्त होत्या, त्याची कवायती पलटण तितकीच. पण त्या तोफा जड होत्या आणि बैलांनी ओढायच्या होत्या, आणि वेढ्याच्या अडीच महिन्यांत बैल चाऱ्यावाचून मेले. अब्दालीकडं उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा होत्या. जंबुरक म्हणत, शुतुरनालही म्हणत. उंट बसवायचा, तोफ डागायची, उंट उठवायचा, दुसरीकडं जायचं. ओझं वाहणारा आणि मारा करणारा, दोघं एकाच जागी. यानंच पानिपत गेलं असं मी म्हणणार नाही, त्याला भुकेपासून रुसव्याफुगव्यांपर्यंत शंभर कारणं आहेत. पण इब्राहिमखानाच्या शौर्याचे पोवाडे गाताना त्याच्या बैलांचं कुणी नाव घेत नाही, हे खरं.

परत त्या जपानी मालिकेकडं येतो. राम्बा रालची शोकांतिका त्याच्या शौर्यात नाही, रसदीत आहे. त्याला तीन नवे यंत्रमानव मिळायचे असतात. वरचा अधिकारी ते पाठवत नाही, आणि खालच्या माणसाकरवी खोटं कळवतो की वाटेतच शत्रूनं ते पाडले. मग राल यंत्रमानवांवाचूनच पायदळ घेऊन शत्रूच्या जहाजावर चालून जातो आणि हातबॉम्ब घेऊन मरतो. त्याची सखी हामोन त्याचा सूड घ्यायला निघते. ती गॅलपच्या मागचा तो सामानाचा डबा स्फोटकांनी ठासून भरते आणि शत्रूवर सोडते. नायकाचा यंत्रमानव तो डबा दोन्ही हातांनी थोपवून धरतो. रसद वाहणाऱ्या डब्याचंच हत्यार होतं. हे पाहताना वाटतं, तोमिनो हा माणूस १९४१ साली जन्मलेला आणि हरलेल्या देशात वाढलेला आहे, हे उगाच नाही. तेलावाचून, जहाजांवाचून त्याचा देश कसा लंगडा झाला, हे त्याच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नसेल. मालिका तेव्हा चालली नाही. बावन्न भागांचा बेत होता, त्रेचाळिसावर आटोपली. पुढं प्लास्टिकच्या प्रतिकृतींनी तिला घरोघर नेलं.

त्याच यंत्रमानवाचा पूर्ण आकाराचा, हलणारा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये योकोहामा बंदरात उभारण्यात आला. अठरा मीटर उंच, वजन पंचवीस टन. म्हणजे जवळजवळ एका मटिल्डाएवढा. अहिल्यानगरच्या, म्हणजे आधीच्या अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा उभा आहे. त्याच्याशेजारी उभं राहिलं की या वजनाचा अंदाज येतो. योकोहामातला तो पुतळा हात हलवी, गुडघा वाकवी, पाऊल पुढं टाकी. लाखो लोक पाहायला गेले. पण स्वतःचं वजन तो स्वतः पेलत नव्हता. त्याच्या पाठीमागं एक लोखंडी गाडा होता आणि त्यानं त्याला कमरेला धरून ठेवलं होतं. ३१ मार्च २०२४ ला तो खेळ बंद झाला, तोवर त्या गाड्यानं हात सोडला नाही.