मॉर्फिनची गोळी आणि परेलची लोकल

नालासोपारा स्टेशनबाहेरच्या कुठल्याही मेडिकलवर तापाची गोळी मागा, लगेच मिळेल. कॅन्सरच्या दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी मागा, काउंटरवरचा माणूस आधी तुम्हाला निरखून बघेल, मग म्हणेल "आम्ही नाही ठेवत." म्हणून आपल्याकडच्या पेशंटची मुलं लोकलचे धक्के खात परेलच्या टाटा हॉस्पिटलला जातात. मेडिकलवाल्याला शिव्या घालण्याआधी हे वाचा.

अफूवर परवाना आला तो आरोग्यासाठी नाही, महसुलासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची अफू चीनला जायची, आणि कंपनीची मुंबई टाळून आपल्या वरच्या दमणमधून, पोर्तुगीजांच्या बंदरातून, जहाजावर चढायची. बुडणारं उत्पन्न वाचवायला कंपनीने १८३० च्या सुमारास पैसे घेऊन मुंबईमार्गे पास द्यायला सुरुवात केली. पुढे १८७८ चा अफू कायदा आला, मग १९३० चा डेंजरस ड्रग्ज कायदा. कागद वाढले, खाती वाढली. पेशंटचा विचार कोणाच्या डोक्यात होता असं दिसत नाही.

खरा दणका बसला १४ नोव्हेंबर १९८५ ला. एनडीपीएस कायदा लागू झाला. रोख तस्करांवर होता, आणि तो असायलाच हवा होता. पण गुन्हा सिद्ध झाला तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि मॉर्फिनसारख्या औषधांचे नियम प्रत्येक राज्याने आपापले करायचे. बऱ्याच राज्यांत हॉस्पिटलला बाळगण्याचं, आणण्याचं, वाहतुकीचं अशी चार-पाच लायसन्स लागायची. ती सगळी एकाच वेळी चालू पाहिजेत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली! कोण कशाला या भानगडीत पडेल? देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या भारतात फक्त १८ किलो. आणि गंमत बघा, त्याच माळव्यात, नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्याने अफूची शेती चालूच होती. आपल्या अफूचं औषध परदेशातल्या पेशंटला मिळत होतं, आपल्याला नाही.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन अशी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. २०१५ च्या नियमांनी राज्याराज्यांचा घोळ संपवला. आता हॉस्पिटलला एकच मान्यता लागते, 'आरएमआय' म्हणतात तिला. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा आणि साठ्याचा चोख हिशेब हवा.

नियंत्रण नको असं कोणी म्हणत नाहीये. ट्रॅमाडोलचा नशेसाठी वापर एवढा वाढला की २०१८ मध्ये तेही एनडीपीएसखाली आणावं लागलं, ते योग्यच झालं. पण १९८५ ची भीती कायदा बदलून जात नाही. डॉक्टर लिहायला कचरतात, मेडिकलवाला ठेवायला.

तेव्हा वसई-विरारकरांनो, आपल्या महापालिकेच्या किंवा खाजगी हॉस्पिटलात गेलात की विचारा, "तुमच्याकडे आरएमआय मान्यता आहे का?" नाही म्हणाले तर सांगा, अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा असतो, पूर्वीसारखं एक्साइजच्या दारात उभं राहावं लागत नाही.