चेंडूंची मोजणी आणि टोल्याचे यश

धुळे-सोलापूर महामार्गाला केजचा रस्ता जिथे येऊन मिळतो ते बालाघाटच्या डोंगररांगेतील मांजरसुंबा, बीड जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे, सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या काळी या भागातील पोरांच्या हाती फळकुटाच्या बॅटीआधी दांडू येत असे. विटीदांडूच्या एका प्रकारात विटी पडलेल्या जागेपासून गल्लीपर्यंतचे, म्हणजे विटी ठेवण्याच्या खळग्यापर्यंतचे, अंतर दांडूने मोजत आणि मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी तेलुगू-कन्नड वळणाची संख्यानामे म्हणत. मोजणी ज्या नावावर थांबे त्यावरून पुढची विटी पावलावरून टोलवायची, मुठीवरून की डोळ्यावरून, हे ठरे, मग त्याचे तपशील गावागणिक कितीही बदलत असोत. आकडा हा तिथे झाल्या खेळाचा हिशेब तर होताच, शिवाय पुढचा टोला सोपा की अवघड हेही तोच ठरवी. सॉफ्टबॉलमध्ये हे काम बॉल आणि स्ट्राइक यांची मोजणी करते, आणि ही मोजणी एका दिवसात ठरलेली नाही.

पिचरने खांद्याखालून टाकलेला जो चेंडू होम प्लेटवरून, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीवरून, बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून जातो तो न मारता सोडला तर स्ट्राइक, मारायला जाऊन हुकला तरी स्ट्राइक, आणि पट्ट्याबाहेरचा सोडला तर बॉल. तीन स्ट्राइकला बॅटर बाद होतो व चार बॉलला त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. मोजणी सांगताना बॉल आधी व स्ट्राइक नंतर सांगतात, त्यामुळे ‘तीन-एक’ ही बॅटरच्या सोयीची आणि ‘शून्य-दोन’ ही पिचरच्या सोयीची स्थिती होय.

ही व्यवस्था सॉफ्टबॉलला बेसबॉलकडून मिळाली. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांत मारायला जाऊन हुकलेलाच चेंडू मोजत, त्यामुळे मनासारखा चेंडू येईपर्यंत बॅटर खुशाल उभा राहू शके. १८५८ मध्ये सोडलेल्या चांगल्या चेंडूलाही स्ट्राइक ठरवण्याचा अधिकार पंचाला मिळाला. मग पिचर आवाक्याबाहेरचे चेंडू टाकून बॅटरची परीक्षा पाहू लागले, म्हणून १८६४ च्या हंगामापासून बॉलही मोजणीत आला. पुढे अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये फुकट बेससाठी लागणाऱ्या बॉलांची संख्या १८७९ मध्ये नऊ होती, ती मध्ये एकदा वाढूनही एकूण घटत गेली आणि १८८९ मध्ये चारवर स्थिरावली.

मोजणीचा टोल्यावर काय परिणाम होतो याचा उत्तम पुरावा १८८७ या एका वर्षात सापडतो. त्या हंगामात, आणि केवळ त्याच हंगामात, बाद होण्यासाठी तीनऐवजी चार स्ट्राइक लागत; फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर संधीमागे साधलेल्या यशस्वी टोल्यांचे प्रमाण, ठळकपणे वाढली, आणि १८८८ मध्ये तीन स्ट्राइकचा नियम परत येताच ती घसरली. १८८७ च्याच हंगामात उंच की खालचा चेंडू हवा हे सांगण्याचा बॅटरचा जुना हक्क काढून घेतला होता, तरीही सरासरी चढली, हे विशेष. योगायोग असा की याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याने तो टोलवला गेला, आणि छपराखालचा हा खेळ पुढे सॉफ्टबॉल म्हणून मैदानावर आला.

सॉफ्टबॉलमध्ये मोजणीचा दाब अधिक जाणवतो, कारण वेळ थोडा असतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर १३.११ मीटरवरून चेंडू टाकते, पुढे झेपावल्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी घटते, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर येतो. ‘तीन-एक’वर पिचरला चेंडू पट्ट्यात टाकणे भाग असते, म्हणून बॅटर एकच जागा आणि एकच वेग मनात धरून थांबू शकते, ‘शून्य-दोन’वर मात्र शेवटच्या क्षणी वर उसळल्यासारखा भासणारा ‘राइज बॉल’ किंवा फसवा संथ चेंडू पट्ट्याबाहेर टाकण्याची चैन पिचरला परवडते आणि बॅटरला सगळ्याच शक्यतांची राखण करावी लागते. बेसबॉलमध्ये हा दाब आकड्यांत दिसतो: अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एकूण सरासरी साधारण ०.२४० ते ०.२६० असते, ती दोन स्ट्राइक झाल्यावर ०.२०० च्याही खाली जाते.

हे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. पहिल्याच चेंडूवर मारणाऱ्यांची सरासरी नेहमी मोठी दिसते, पण त्या चेंडूवर कोणी तीन स्ट्राइकने बाद होऊच शकत नाही, म्हणजे हुकलेले टोले हिशेबात येतच नाहीत. शिवाय ‘शून्य-दोन’पर्यंत ढकलले जाणारे बॅटर बरेचदा मुळातच कच्चे असतात किंवा समोरचा पिचर फारच पक्का असतो. एवढे वजा करूनही मोजणीचा परिणाम उरतोच.

मोजणीचा दुसरा अर्थ पिचरने एकूण किती चेंडू टाकले असाही आहे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट २००८ रोजी जपानच्या युकिको उएनो यांनी अमेरिका व ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दोन लांबलेल्या सामन्यांत मिळून ३१८ चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५ टाकून अमेरिकेला ३-१ असे हरवले. दोन स्ट्राइकनंतर बाजूच्या रेषेबाहेर गेलेला टोला, म्हणजे ‘फाउल’, स्ट्राइक धरला जात नाही. त्यामुळे चिवट बॅटर अशा टोल्यांनी पिचरला दमवू पाहतात, पण उएनो दमल्या नाहीत.

भारतात सॉफ्टबॉल महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला आणि महाराष्ट्रात हा खेळ शालेय क्रीडास्पर्धांमधून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. ग्रामीण मराठवाड्यातील मुलगी या खेळात येते ती बहुधा क्रिकेट पाहत वाढलेली असते, आणि क्रिकेटमध्ये सोडलेल्या चेंडूची किंमत द्यावी लागत नाही. पहिले दोन चेंडू ‘पाहून घेण्याची’ ती सवय इथे थेट ‘शून्य-दोन’वर नेऊन ठेवते. तेव्हा शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी सामन्याच्या वहीत धावांच्या शेजारी एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक बॅटरचा निकाल कोणत्या मोजणीवर लागला ते त्यात लिहावे. त्याला पेन्सिलीपलीकडे खर्च नाही.