गिअरबॉक्स उतरवताना इंजिनाचा आधार

मोटारीची क्लच प्लेट झिजली की ती बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत हा प्रसंग प्रत्येक गाडीवर कधी ना कधी येतोच. काम नेहमीचे असल्याने ते सोपे मानले जाते. पण त्यातला एक टप्पा घाईत उरकला तर गाडीखालच्या कारागिराच्या जिवावर बेतू शकते. तो टप्पा म्हणजे गिअरबॉक्स सुटा करण्याआधी इंजिनाला आधार देणे.

इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. ही जोडी तीन-चार रबरी माउंटिंगांवर, गॅरेजच्या भाषेत ‘फाउंडेशन’वर, तोललेली असते. त्यांपैकी निदान एक फाउंडेशन गिअरबॉक्सच्या अंगावर असते. म्हणजेच गिअरबॉक्स हा इंजिनाला लटकलेला नुसता भार नसून इंजिनाचा एक पायच आहे. तो काढला की उरलेल्या फाउंडेशनवर इंजिन एका बाजूला कलंडते.

ते कोणत्या बाजूला कलंडेल, हे गाडीच्या रचनेवर ठरते. अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमिअर पद्मिनीसारख्या, मागील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असे. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी काढताच इंजिनाची मागची बाजू खाली जाते, पुढची वर उचलली जाते आणि पंखा रेडिएटरच्या जाळीला भिडण्याची भीती असते. पुढे इंजिन आडवे आणि गिअरबॉक्स त्याच्या टोकाशी ही मांडणी आली. दान्ते जाकोसा यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ऑटोबियांकी प्रिमुला या इटालियन गाडीत ती १९६४ साली दिसली. भारतात ती १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर घरोघरी पोहोचली. या मांडणीत इंजिनाचे एक टोक एका फाउंडेशनवर राहते आणि गिअरबॉक्सकडचे टोक निराधार होते. त्या टोकाला जोडलेले रबरी नळ, वायरी आणि सायलेन्सरचा पाइप यांवर मग सारा ताण येतो.

आधार वरून देता येतो किंवा खालून. वरून देण्यासाठी बॉनेट उघडून दोन्ही मडगार्डांच्या आतल्या मजबूत कडांवर एक आडवा लोखंडी दांडा ठेवतात. त्याला आटे असलेली हुकाची सळई असते. ती इंजिनावरच्या, उचलण्यासाठीच दिलेल्या कडीत अडकवून वरची चाकी फिरवली की भार दांड्यावर येतो. खालची जागा मोकळी राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. दांडा मडगार्डाच्या बाहेरच्या पातळ पत्र्यावर टेकवला तर पत्रा दबतो, एवढे मात्र पाहावे लागते. दांड्याऐवजी जाड पाइप आणि साखळी वापरणारी गॅरेजेसही आहेत. पाइप वाकणारा नसेल आणि साखळी कडीतच अडकवलेली असेल तर त्यात वावगे काही नाही. नायलॉनचा दोर मात्र भाराखाली ताणला जातो, त्यामुळे तो चालत नाही.

खालून आधार देताना चूक बहुधा ऑइल चेंबरपाशी होते. जॅक थेट चेंबरच्या मध्यभागी लावला तर पातळ पत्रा आत दबतो. चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर तेल ओढणारी जाळी असते; पत्रा तिला टेकला की पंपाला तेल पुरत नाही. गाडी गॅरेजमधून नीट चालत बाहेर पडते आणि इंजिन पुढे कधीतरी जॅम होते. तेव्हा क्लचच्या कामाची आठवणही कोणाला राहिलेली नसते. अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर तर दबण्याऐवजी तडकते. म्हणून जॅक आणि चेंबर यांमध्ये रुंद लाकडी ठोकळा ठेवून तो चेंबरच्या कडेजवळच्या भक्कम भागाखाली घेतात.

हायड्रॉलिक जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्यातले सील झिजले असेल तर तो नकळत खाली बसतो. त्यामुळे गाडी स्वतः घोड्यांवर उभी असलीच पाहिजे. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे याला पर्याय नाहीत. एका बिंदूवर भार आला की ते पूर्वसूचना न देता फुटतात. जुने टायरही दबतात. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. पुढील चाकांना गती देणाऱ्या गाडीचे ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढले की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग होत नाही. मागच्या चाकांना उटी लावावीच लागते.

भार किती घ्यायचा? फाउंडेशनचा बोल्ट हाताने सहज फिरेल आणि सरकेल इतकाच. बोल्ट अडकत असेल तर इंजिन जास्त उचलले गेले आहे किंवा कमी. हातोडीने ठोकून बोल्ट काढणे म्हणजे ही सूचना न ऐकणे होय.

गिअरबॉक्सलाही स्वतंत्र आधार हवा. लहान मोटारीतला हाताने बदलायचा गिअरबॉक्स साधारण ३० ते ५० किलोंचा असतो, स्वयंचलित त्याहून बराच जड. बोल्ट सुटल्यावर तो क्लच प्लेटमध्ये घुसलेल्या शाफ्टवर लोंबकळू दिला तर प्लेट वाकते. परत बसवतानाही हाच नियम लागू पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत असतील तर दोहोंचे तोंड हाताच्या जोरावर मिळते. ते मिळत नाही म्हणून बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे कान तुटतात. अशा वेळी इंजिनाखालचा जॅक किंवा वरची चाकी किंचित हलवून कोन जुळवायचा असतो. सगळी फाउंडेशने जागेवर बसून त्यांचे बोल्ट आवळले गेले, की सर्वांत शेवटी इंजिनाचा आधार काढला जातो.