दोन खांचांमधला स्वर

वाद्याचा स्वर कोणीं ठरवावयाचा, तें घडविणाऱ्या कारागिरानें कीं वाजविणाऱ्या कलावंतानें, हा वाद फार जुना आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा किंचित् पुढेंमागें सरकवून गवई जवारी लावून घेतो, तेव्हां तो आपल्या परीनें ह्या वादाचा निकालच करीत असतो. विजेच्या गिटारीच्या इतिहासांत हा वाद बोटभर लांबीच्या एका स्विचापाशीं येऊन ठेपला, आणि त्याचा निकाल लागावयास तेवीस वर्षें लागलीं.

१८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें असें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकक्षेत्र बदलत राहिलें म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं, अमेरिकेंतील लॉस अँजेलिस येथें जॉर्ज बीचम यानें हें तत्त्व गिटारीला लावलें. पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि त्याला जोडून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे, एवढीच ती रचना. तार थरथरली कीं चुंबकक्षेत्र थरथरतें आणि वेढ्यांतून तारेच्या कंपनांची नक्कल करणारा क्षीण प्रवाह वाहूं लागतो. ध्वनिवर्धक यंत्र तो मोठा करून ऐकवितें. ह्या साधनास पिकप म्हणतात. बीचमला त्याचें पेटंट १९३७ सालीं मिळालें. त्याच्या गिटारीवर पिकप एकच होता. त्यामुळें निवडीचा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं.

तो उद्भवला दुसरा पिकप आल्यावर. तार सर्वत्र सारखी हालत नाहीं. घोडीपाशीं तिचा झोका लहान असतो आणि तेथें उपस्वरांचा भाग प्रबळ पडतो. म्हणून घोडीकडचा पिकप टणत्कारयुक्त, तीक्ष्ण आवाज देतो. दांडीच्या बाजूस झोका मोठा असतो, मूळ स्वर भरदार येतो आणि आवाज गोल व मऊ लागतो. एकाच तारेचे हे दोन स्वभाव. त्यांतून हवा तो निवडावयाचा, तर मध्यें स्विच हवा.

हा विचार ज्यानें धंद्याच्या पायावर उभा केला तो लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन ह्या गांवीं त्यानें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान काढलें. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. १९५० सालीं त्यानें दोन पिकपांची गिटार बाजारांत आणली. तिलाच पुढील वर्षीं टेलिकॅस्टर हें नांव मिळालें. आरंभीच्या वाद्यांत दोन्ही पिकपांचे आवाज मिसळण्याची सोय होती. १९५२ सालीं ती काढून टाकण्यांत आली. नव्या जोडणींत स्विचाला तीन खांचा होत्या: घोडीकडचा पिकप, दांडीकडचा पिकप आणि तोच दांडीकडचा पिकप कंडेन्सरमधून दबका केलेला. दोन्ही पिकप एकत्र वाजावेत ही साधी गोष्ट त्या वाद्यांत १९६७ सालापर्यंत होत नव्हती.

मिशिगन प्रांतांतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीनें दुसरा मार्ग धरला. १९५२ सालच्या तिच्या लेस पॉल गिटारींत मधल्या खांचेवर दोन्ही पिकप एकदम चालत, आणि प्रत्येकाचा जोर व रंग ठरविण्यासाठीं निरनिराळ्या मिळून चार कळा होत्या. त्या कंपनींतील सेथ लव्हर यानें पिकपाचा एक जुना दोषही घालविला. एका वेटोळ्याचा पिकप तारेबरोबर भोंवतालच्या विजेच्या तारांची घूं घूं सुद्धां उचलतो. लव्हरनें दोन वेटोळीं शेजारीं ठेविलीं. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट आणि चुंबकाचें टोंकही उलट. बाहेरची घूं घूं दोहोंत उलट दिशांनीं येऊन नाहींशी होते. परंतु तारेचा स्वर दोन वेळां उलटून पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. १९५५ सालीं ह्या पिकपाच्या पेटंटसाठीं अर्ज झाला, १९५७ पासून तो लेस पॉल गिटारींवर बसूं लागला आणि १९५९ सालीं पेटंट मिळालें.

इकडे फेंडरनें १९५४ सालीं स्ट्रॅटोकॅस्टर काढली. तिच्यावर तीन पिकप आणि तीन खांचांचा स्विच. प्रत्येक खांचेवर एकच पिकप. हिशेब चोख होता. परंतु वादकांच्या बोटांना ह्या चोख हिशेबांतील फट सांपडली. स्विचाचा दांडा दोन खांचांच्या मधोमध अलगद तोलून धरला तर शेजारचे दोन पिकप एकदम बोलूं लागतात, आणि त्यांतून एक पातळ, कांचेसारखा स्वच्छ, किंचित् नाकांतून आल्यासारखा आवाज निघतो. दोन पिकप एकच तार दोन जागीं ऐकतात. एखाद्या उपस्वराचीं कंपनें त्या दोन जागीं परस्परविरुद्ध असलीं म्हणजे तीं एकमेकांस मारतात आणि उरलेला स्वर पोकळ पण लोभस होतो. हे पिकप एकमेकांच्या उलट जोडले असावेत, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः ते सुलटेच आणि समांतर जोडलेले असतात.

कारखान्याच्या आराखड्यांत ह्या आवाजाला जागा नव्हती. जराशा धक्क्यानें दांडा खांचेंत घसरावा आणि हातचा स्वर जावा, अशी त्याची स्थिति. तरीहि वादक त्यासाठीं धडपडत राहिले. १९६५ सालीं फेंडरचा कारखाना कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम ह्या नभोवाणी-कंपनीकडे गेला. आणि अखेर १९७७ सालीं पांच खांचांचा स्विच कारखान्यांतच बसूं लागला. ज्याला चोरवाट समजावें त्याचा राजरस्ता झाला! पुढच्याच वर्षीं निघालेल्या ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ ह्या ध्वनिमुद्रिकेंत मार्क नॉफ्लर याची गिटार ह्याच मधल्या आवाजांत बोलते.

चुकीच्या जोडणीनेंहि कधीं भाग्य उजळतें. फ्लीटवूड मॅक ह्या वाद्यवृंदाचा संस्थापक पीटर ग्रीन याच्या १९५९ सालच्या लेस पॉल गिटारींत एका पिकपाचा चुंबक उलटा बसला होता. त्यामुळें मधल्या खांचेवर दोन्ही पिकप एकमेकांचा स्वर बराचसा खोडून टाकीत, आणि उरे तो रडवेला, दूरवरून आल्यासारखा आवाज. तोच ग्रीनची ओळख ठरला. पुढें कित्येकांनीं आपल्या गिटारींतील चुंबक मुद्दाम उलटे करून घेतले.

निवडीचा अधिकार सर्वस्वीं आपल्या हातीं घेणारा वादक म्हणजे ब्रायन मे. १९६३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, विद्युत्‌शास्त्रज्ञ वडिलांच्या मदतीनें त्यानें जुन्या शेगडीच्या चौकटीचें लांकूड वापरून घरींच गिटार घडविण्यास आरंभ केला. तींत तीन पिकप एकसर जोडलेले आहेत आणि प्रत्येकाला दोन स्विच: एक चालू-बंद करण्याचा, दुसरा प्रवाह उलटा करण्याचा. एकएकट्या पिकपाचे तीन, जोड्यांचे सहा आणि तिन्ही मिळून चार, असे एकंदर तेरा स्वररंग ह्या सहा स्विचांतून निघतात. त्याच्या ‘क्वीन’ ह्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें होतें.

मात्र स्विच वाढले कीं वाद्य श्रेष्ठ ठरतें असें नव्हे. फेंडरची १९६२ सालची जॅग्वार अनेक सरकत्या स्विचांनीं सजलेली होती. पण स्ट्रॅटोकॅस्टरची लोकप्रियता तिच्या वांट्यास आली नाहीं. गाणें रंगांत आलें असतां वादकाला विचार करण्यास सवड नसते. डोळे न वळवितां, एका झटक्यांत बोटाला जी जागा सांपडते तीच त्याच्या कामाची. म्हणून आजहि गिटारीची जोडणी ठरवितांना जाणता कारागीर वादकाला प्रथम एवढेंच विचारतो: कोणते दोन आवाज तुम्हांला गाण्याच्या मध्यावर बदलावे लागतात? त्या उत्तराप्रमाणें तो तारा जोडतो. फुलर्टनच्या कारखान्याला हाच प्रश्न वादकांनीं तेवीस वर्षें, दोन खांचांच्या मध्यें बोट धरून, विचारला होता.