मामा तलावांच्या पाण्यावर ढिवरांचे जगणे

तिरोडा : उत्तर ध्रुवालगतच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांचे जीवन सील, वालरस व माशांच्या शिकारीवर कसे उभे आहे, हे शाळेच्या भूगोलात प्रत्येकाने वाचलेले असते. मात्र पाण्यावाचून ज्यांच्या घरची चूल पेटत नाही असा एक समाज वैनगंगेच्या खोऱ्यात, आपल्याच राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहे, याची कल्पना मुंबई-पुण्याच्या वाचकांना क्वचितच असते. हा समाज म्हणजे ढिवर. योगायोग असा की, कॅनडाने इन्युइटांच्या भूमीला नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता दिली ती 1 एप्रिल 1999 रोजी आणि त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 मे 1999 रोजी, भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला.

गोंदिया व भंडारा हे तलावांचे जिल्हे. तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची पद्धत गोंड राजांनी रूढ केली आणि कोहळी समाजाने आपल्या कौशल्याने गावोगावी मातीच्या पारी उभ्या केल्या. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांतील आद्याक्षरांवरून त्यांना ‘मामा तलाव’ हे काहीसे गमतीदार नाव चिकटले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा ही नागझिऱ्याच्या जंगलालगतची मोठी जलाशये पर्यटकांना ठाऊक असतात. ढिवरांचा बराचसा संसार मात्र गावालगतच्या लहान तलावांवर चालतो.

ढिवरांचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते. पहिल्या पुराच्या पाण्यात मासे प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ बांध्यांकडे चढतात. अंडी घालण्याचा तोच काळ. याच दिवसांत रोवणीची मजुरीही मिळते. पावसाळा सरता सरता तलावात शिंगाड्याचा वेल पसरतो आणि दिवाळीच्या आगेमागे शिंगाड्याची तोड सुरू होते. थंड पाण्यात कमरेइतके उतरून काटेरी फळ तोडणे हे काम दिसते त्याहून कितीतरी कष्टाचे आहे. उपवासाला शिंगाड्याचे पीठ खाणाऱ्या शहरवासीयांच्या हे क्वचितच ध्यानात येते. तलावाच्या काठी आपोआप उगवणारे देवधानही गोळा केले जाते. धानाला शेवटचे पाणी सोडले की तलाव आटू लागतो व खरी मासेमारी मग सुरू होते. डोंग्यातून जाळे टाकणारे पुरुष आणि डोक्यावर टोपले घेऊन आठवडी बाजार गाठणाऱ्या स्त्रिया, अशी कामाची वाटणी असते. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांचा आधार असतो.

या चक्राला तडा कसा गेला, हे समजण्यासाठी माशांकडेच पाहावे लागते. मरळ, शिंगूर, दाडक हे स्थानिक मासे काठच्या दलदलीत, पाणवनस्पतींच्या आश्रयाने वाढतात व त्यांच्यासाठी बीज विकत आणावे लागत नाही. कतला, रोहू व मृगळ या माशांचे तसे नाही. हे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साह्याने या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि देशभर मत्स्यबीज मिळू लागले. उत्पादन वाढले हे नाकारता येत नाही, पण सहकारी संस्थेला दरवर्षी बोटुकलीसाठी पैसा उभा करणे भाग पडले. तलावाचा ठेका भरायचा तो वेगळाच. पाऊस दगा देऊन तलाव लवकर आटला, तर दोन्ही खर्च संस्थेच्या अंगावर येतात.

त्यात ग्रास कार्पसारखा पाणवनस्पती फस्त करणारा मासा सोडला गेला, काठावर बेशरम माजली, पाणलोटात अतिक्रमणे झाली. गाळ काढण्याच्या मोहिमांत यंत्रांनी तळ सरसकट खरवडला, तेव्हा गाळाबरोबर वनस्पतींची मुळेही गेली आणि उथळ काठ नाहीसे झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांचा हिशेब कागदोपत्री सिंचनाचा असतो. काठच्या दलदलीचे मोल त्यात कुठेच धरलेले नसते.

शासनदरबारी ढिवर हे भोई समाजाची तत्सम जात म्हणून भटक्या जमाती (ब) प्रवर्गात मोडतात. नोंद ‘भटक्या’ची असली तरी मासेमारीच्या कामाने ते तलावाला बांधलेले आहेत, आणि तलाव आटला की मजुरीसाठी गाव सोडण्याची पाळी त्यांच्यावर येते. तिरोड्यात 3300 मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, तालुक्याला रोजगाराचे नवे दार उघडले. तथापि जाळे विणण्याच्या कौशल्याला तेथे फारसा वाव नाही. इन्युइटांनीही असा फटका सोसला आहे. युरोपने 1983 मध्ये सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इन्युइट प्रौढ सीलची शिकार करीत, तरीही बाजार कोसळला व त्यांच्या वस्त्यांचे उत्पन्न बुडाले.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मनीष राजनकर व पतिराम तुमसरे यांनी ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन वेगळा मार्ग अवलंबिला. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि पहिल्या पावसानंतर गाद, चिऊल अशा देशी पाणवनस्पती हाताने लावायच्या, अशी ही पद्धत आहे. कोणती वनस्पती किती खोलीवर लावावी आणि कोणता मासा तिच्या आश्रयाला येतो, हे ज्ञान वयस्कर ढिवरांकडे होतेच. लागवडीच्या कामात बायका पुढे राहिल्या. तेथील तलावांत देशी मासे पुन्हा वाढले आणि त्यांच्यामागोमाग पाणपक्षीही परतले.